पाँपेई, मांदाड आणि लेखक शिवभूती

परवा भाच्याकडून पुस्तकाचं पार्सल आलं. तो लीड्सला असतो आणि सहा-आठ महिन्यांनी एखादं पुस्तक पाठवतो. पुस्तक त्याला स्वतःला आवडलेलं असतं. मामाला आवडेल की नाही, याचा तो फारसा विचार करत नाही. (भाचेमंडळींना एवढा हक्क असतोच.) या वेळी रॉबर्ट हॅरिसची 'पाँपेई' आली. कादंबरी २००३ सालची, म्हणजे जगाला जुनी. पण माझ्यासाठी नवी कोरी, पानं उलटताना अजून वास येणारी. आत एक चिठ्ठी होती. "मामा, तू वाचच. आणि एक सांग. धाकटीच्या शाळेत रोमन लोकांचा प्रकल्प चाललाय. चादर गुंडाळून रोमन बाई बनून गेली होती. घरी आल्यावर विचारते, बाबा, तेव्हा आपण कोण होतो? मी म्हटलं, मामाआजोबांना विचारू."

आता मामाआजोबा अष्टमीला बसलेत. समोर कुंडलिका, पुलापलीकडे रोहा. हातात इसवी सन ७९ मधलं इटली. म्हटलं, आधी कादंबरी तर वाचू.

दोन रात्रीत संपली. शेवट काय होणार, हे पहिल्या पानापासून ठाऊक असलेली गोष्ट वाचायला लावणं सोपं नाही. व्हेसुव्हियस फुटणार, शहर राखेखाली जाणार, हे शाळकरी पोरालाही माहीत. हॅरिसने युक्ती अशी केली आहे की तो ज्वालामुखीकडे बघतच नाही, नळाकडे बघतो. त्याचा नायक राजा नाही, सेनापती नाही. अॅटिलियस नावाचा पाणीपुरवठ्याचा इंजिनियर आहे. कालव्याला पाणी का येत नाही आणि आलं तर त्याला गंधकाचा वास का, एवढंच तो शोधत निघतो. ज्याने कधी नगरपालिकेच्या पाण्याची वाट बघितली आहे, त्याला हा माणूस लगेच आपला वाटतो. गुलामगिरीतून सुटून गडगंज झालेला एक खलनायक, त्याची बंडखोर मुलगी वगैरे मसाला आहेच. तो मला जरा तयार पुडीतला वाटला. पण पाण्याचं काम फर्मास.

या कादंबरीत थोरला प्लिनी आहे. लठ्ठ, दमेकरी, आरमाराचा प्रमुख आणि मिळेल ते टिपून ठेवणारा. हा माणूस खरा. ज्वालामुखी फुटल्यावर लोकांना सोडवायला तो जहाजं घेऊन गेला आणि किनाऱ्यावरच मेला. हे आपल्याला कळतं ते त्याच्या भाच्यामुळे. धाकटा प्लिनी तेव्हा सतरा वर्षांचा होता. पुढे त्याने इतिहासकार टॅसिटसला दोन पत्रं लिहून मामाचं मरण आणि तो सगळा उत्पात सांगितला. मामा-भाच्याची ही जोडी मला भारी आवडली, कारण उघड आहे.

पण या प्लिनीचं आपल्याशीही एक भांडण आहे. निसर्गाच्या इतिहासावरच्या आपल्या प्रचंड ग्रंथात तो तक्रार करतो की हिंदुस्थान दरवर्षी आमच्या साम्राज्यातले पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो आणि बदल्यात जो माल देतो तो आमच्याकडे शंभरपट किमतीला विकला जातो. बायकांच्या हौसेपायी पैसा चालला, असाही त्याचा सूर आहे. हे पैसे जात कुठे होते? मिरी मलबारातून जायची, तेव्हा मोठा वाटा तिकडे. पण थोडा वाटा इकडेही येत होता, आपल्या कोकणच्या बंदरांत आणि घाटावरच्या पेठांत. धाकटीच्या प्रश्नाला तिथून उत्तर सुरू होतं.

१९३८ साली पाँपेईच्याच एका घरात हस्तिदंताची एक छोटी बाई सापडली. वीतभर उंचीची. अंगावर दागिने सोडून फारसं काही नाही, दोन बाजूंना दोन चिमुकल्या दासी. कोणी तिला लक्ष्मी म्हटलं, कोणी यक्षी. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. पुढे तिच्या बहिणी सापडल्या, त्या कुठे? जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला. तीच घडण, तोच थाट. म्हणजे हॅरिसची माणसं ज्या रस्त्यांवरून राखेत धावली, त्यातल्याच एका रस्त्यावरच्या घरात आपल्याकडच्या कारागिरांच्या नात्यातली ही बाई उभी होती. ती वाचली. घरमालकाचं काय झालं कोण जाणे.

माल उलट दिशेनेही यायचा. नेवाशाचं नाव घेतलं की आपल्याला ज्ञानेश्वरी आठवते. तिथल्या उत्खननात निमुळत्या बुडाच्या रोमन मद्यकुंभांचे तुकडे निघाले. त्यांची माती तपासली तेव्हा ती नेपल्सच्या आखाताकाठची निघाली, व्हेसुव्हियसच्या पंचक्रोशीतली! गोदावरीच्या खोऱ्यात कोणीतरी तिथली द्राक्षाची दारू पीत होतं. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीला तर समुद्रदेव पोसायडनची काशाची मूर्तीच मिळाली. कोल्हापुरात जाल तेव्हा टाउन हॉलच्या संग्रहालयात जरूर बघा, छोटीशी आहे, पण ऐटबाज.

आता आपल्या खाडीकडे येऊ.

त्याच शतकात, पाँपेई गाडलं जाण्याच्या थोडं आधी, इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची एक वही लिहिली. 'पेरिप्लस' म्हणून ती प्रसिद्ध आहे. साहित्य म्हणून शून्य. कुठे काय विकतं, कुठे काय मिळतं, वारा कधी लागतो, एवढंच. भडोचहून दक्षिणेला येताना तो आपला किनारा मोजतो. आधी कल्याण, मग सेमिल्ला, मग मंदगोरा. सेमिल्ला म्हणजे चौल. कुंडलिका जिथे समुद्राला मिळते, तिथे रेवदंडा आणि त्याला लागून चौल. आमच्या दारावरून जाणारं पाणी तिथेच जातं. एके काळी भरतीवर स्वार होऊन होड्या खाडीतून थेट रोह्यापर्यंत यायच्या. आणि मंदगोरा म्हणजे बऱ्याच अभ्यासकांच्या मते आपलं मांदाड, राजपुरीच्या खाडीच्या आतल्या टोकाचं. (काही जण बाणकोटकडे बोट दाखवतात. ते भांडण चालू द्या.) अष्टमीहून गाडीने निघालात तर मांदाडला तासाभरात पोचता.

याच वहीत तीन ओळींची एक बातमी आहे, आणि माझ्या मते ती अख्ख्या कादंबरीला पुरेल. कल्याण हे पूर्वी रीतसर व्यापाराचं बंदर होतं, पण नव्या सत्ताधाऱ्याच्या हाती गेल्यापासून तिथे अडथळे फार. चुकून एखादं ग्रीक जहाज तिथे लागलंच, तर पहारा बसवून ते भडोचला नेतात. म्हणजे व्यापारयुद्धच झालं हे! एका बाजूला सातवाहन, दुसऱ्या बाजूला क्षत्रप. दोघांना जकात हवी, आणि मधल्या मध्ये अडकलेले खलाशी, ज्यांना यातलं राजकारण कळत नाही, फक्त एवढं कळतं की परतीचा वारा चुकला तर वर्ष वाया. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने क्षत्रप नहपानाचा पाडाव केला. त्याचा पुरावा १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला हंड्याहंड्यांनी निघाला. तेरा हजारांवर चांदीची नाणी, आणि त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर नहपानाच्या चेहऱ्यावर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला. शत्रूच्या तोंडावर शिक्का मारायचा आणि तेच नाणं बाजारात चालवायचं... याहून चांगलं प्रकरणशीर्षक कोणाला सुचलं तर कळवा.

तरीही धाकटीला मी राजांबद्दल सांगणार नाही. राजे सगळीकडे सारखेच. तिला मला सांगायचंय कुड्याबद्दल.

मांदाडजवळ, आता तळा तालुक्यात, कुडा गावाच्या डोंगरात सव्वीस बौद्ध लेणी आहेत, वरखाली दोन रांगांत. समोर राजपुरीची खाडी. वेरूळ-अजिंठ्याच्या मानाने साधी. खोल्या, दगडी ओटे, पाण्याची टाकी. सहाव्या क्रमांकाचं चैत्यगृह मात्र बघण्यासारखं: दाराशी हत्ती, आत जोडप्यांची रेखीव शिल्पं. पर्यटक हत्तीबरोबर फोटो काढतात आणि खाली उतरतात. खरी कादंबरी भिंतीवरच्या ब्राह्मी अक्षरांत आहे. हे लेख पाँपेईनंतर शे-दीडशे वर्षांनी कोरलेले, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या शतकातले. भाषा प्राकृत.

पहिल्या लेण्याचा दाता आहे शिवभूती. धंदा: लेखक. आजच्या अर्थाने लेखक नव्हे हो, कारकून, लेखनिक. इथे मांदव घराण्याचे महाभोज राज्य करत, म्हणजे या पट्ट्याचे सरदार. त्यांच्यातल्या खंदपालित नावाच्या महाभोजाच्या पदरी हा शिवभूती. लेखात तो आधी धन्याचं नाव सांगतो, आणि गंमत म्हणजे धन्याची ओळख आईवरून देतो: महाभोजी विजयेचा मुलगा. मग स्वतःची ओळख, बाप सुलसदत्त आणि आई उत्तरदत्ता. मग बायको नंदा, जिच्यासह हे दान. एका कारकुनाने आपली सगळी माणसं दगडावर आणून बसवली आहेत.

सहाव्या लेण्याचा दाता त्याचा धाकटा भाऊ शिवम. तोही लेखक, घरातच धंदा असावा. याच्या लेखात तर पूर्ण कुटुंब आहे. दगडातलं कोरीव काम बायको विजया आणि मुलं सुलसदत्त, शिवपालित, शिवदत्त, सर्पिल यांच्याकडून. आणि खांब? खांब मुलींकडून. सर्पा, शिवपालिता, शिवदत्ता, सुलसदत्ता. चार मुली, आणि चौघींची नावं दगडात.

ही नावं पुन्हा एकदा वाचा. नातवाला आजोबाचं नाव: सुलसदत्त. नातीलाही तेच. आमच्याकडे अजून बारशाला हाच वाद होतो. शिवाय भावाबहिणींची नावं एकच, फक्त शेवट वेगळा. आईने ओसरीवरून 'शिवदत्त' अशी हाक मारली की दोन डोकी वळत असणार. तिथेच दुसऱ्या एका लेण्याचा दाता सोमदेव नावाचा वैद्य आहे. बापही वैद्य, नाव ऋषिरक्षित. आणि सोमदेवाच्या तीन मुलांपैकी एक पुन्हा ऋषिरक्षित. इथेही मुलींची नावं दिली आहेत, चौघींची, आणि त्यातली एक पुन्हा सर्पा. त्या काळात हे नाव फॅशनमध्ये होतं की काय! शिवाय कराडहून आलेला महिक नावाचा लोखंडाचा व्यापारी आहे, माळी आहे, आणि पद्मनिका नावाची भिक्षुणी आहे. ती आपली ओळख दोन थेरांची भाची म्हणून देते आणि आपल्या दोन शिष्यांसह लेणं आणि पोढी, म्हणजे पाण्याचं टाकं, दान करते. पुन्हा मामा-भाची. हा योगायोग मी मुद्दाम जुळवलेला नाही.

बघा, घरात शिवाची नावं, नागांची नावं, आणि दान बौद्ध भिक्षूंना. कोणाला त्यात काही खटकल्याचं दिसत नाही. आजच्या कादंबरीकाराने या घराला हात लावला तर पहिला मोह होईल तो त्यात धर्माचं भांडण पेरायचा. तो टाळला तर बरं. दगडावर भांडण नाही.

एवढं सगळं असताना आपल्याकडे ऐतिहासिक कादंबरी म्हटलं की डोळ्यापुढे काय येतं? घोडे, पालख्या, जिरेटोप. १८७१ साली रामचंद्र भिकाजी गुंजीकरांनी 'मोचनगड' लिहिली, मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी, आणि तीही शिवकाळाचीच. तेव्हापासून आपण बहुतेक त्या दोन शतकांत राहतोय. मी त्या कादंबऱ्यांवरच वाढलो, 'स्वामी' वाचून रडलोय, 'पानिपत'ने रात्र जागवली आहे, तेव्हा तक्रार करायचा अधिकार बेताचाच. हरिभाऊ आपट्यांनी 'चंद्रगुप्त' लिहून मौर्यांपर्यंत मजल मारली होती. सातवाहनांवर कोणी लिहिलंच नाही, असंही नाही. पण गर्दी कुठे आहे ते सांगायला नको. त्याहून मागे जायचं तर आपण एकदम महाभारतात उडी मारतो. कर्णाच्या मनात काय चाललं होतं ते आपल्याला पाठ. पण दोन हजार वर्षांपूर्वी कोकणात राहणाऱ्या कारकुनाच्या मनात काय असेल, याची उत्सुकता कमी.

याचं कारण मला वाटतं ते कागद. पेशवे दफ्तरात रुमालांवर रुमाल आहेत, बखरी आहेत, पत्रं आहेत. कोणी कोणाला काय म्हणालं ते कादंबरीकाराला आयतं मिळतं. शिवभूतीकडे आहेत दगडातल्या मोजक्या ओळी. पण हॅरिसकडे तरी काय होतं? दोन पत्रं, भिंतीवर खरडलेली वाक्यं, आणि एक कालवा. तो कालवा मात्र त्याने नीट समजून घेतला. आपल्याकडे खाडी आहे. भरती-ओहोटीचं गणित आहे, चिखलात रुतणारी होडी आहे, घाट चढणारे बैल आहेत, नाणेघाटाच्या माथ्यावरचा तो दगडी रांजण आहे. जुन्नरला तर इरिल नावाच्या एका यवनाने पाण्याची दोन टाकी दान केल्याचा लेख आहे. हा यवन इथवर आला, राहिला आणि आपल्या देशाला नव्हे तर जुन्नरच्या डोंगराला पाणी देऊन गेला. त्याचीही कोणी विचारपूस केलेली नाही.

दुसरी अडचण भाषेची, आणि ही खरी आहे. शिवकालीन पात्रांच्या तोंडी घालायला आपल्याकडे एक ठरलेली बोली तयार आहे, 'आम्हांस', 'तुम्हांस', 'जी' वाली. प्राचीन काळ आला की आपली पात्रं एकदम संगीत नाटकात शिरतात. 'आर्यपुत्र', 'देवी', 'आज्ञा शिरसावंद्य'. शिवभूती असं बोलत नव्हता, हे मी पैजेवर सांगतो. तो जी भाषा बोलत असेल तिच्या जवळची भाषा आपल्याकडे आहे: हाल सातवाहनाच्या नावावरची गाथासप्तशती. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली ती मराठीत मोठ्या कष्टाने आणली, तो ग्रंथ कुठे मिळाला तर सोडू नका. तिथे चिखलाला 'चिक्खिल्ल' म्हणतात, पोटाला 'पोट्ट', तुपाला 'तुप्प'. आणि खुद्द कुड्याच्या दगडावर लेण्याला 'लेण'च म्हटलंय! आमच्या गावातली म्हातारी खाडीच्या चिखलाला शिव्या देते, तेव्हा ती शिवभूतीला 'हे आर्ये'वाल्या पात्रांपेक्षा जास्त जवळची असते. ज्याला ही कादंबरी लिहायची असेल, त्याने संस्कृत कोश बाजूला ठेवून मांदाडच्या धक्क्यावर चार दिवस कान देऊन बसावं.

भाच्याला मी उत्तर पाठवलं. लांबलं फार, त्यातलंच बरंचसं वर आलंय. धाकटीसाठी वेगळा कागद जोडला. त्यावर सर्पा, शिवपालिता, शिवदत्ता, सुलसदत्ता ही नावं आधी ब्राह्मीत काढली, मग देवनागरीत, आणि खाली लिहिलं, "तेव्हा आपल्याकडे या मुली होत्या. त्यांनी खांब दिले." पुढच्या प्रकल्पाला चादर वेगळ्या पद्धतीने गुंडाळावी लागेल, ते तिची आई बघेल.

मला स्वतःला मात्र या चौघींचाच प्रश्न सुटत नाही. कोरीव काम आईच्या आणि भावांच्या नावावर, मग खांब वेगळे काढून मुलींच्या नावावर का? पैसे त्यांच्याकडे कुठून आले? लग्न झालेल्या होत्या की घरातच होत्या? सर्पाचं नाव आधी येतं, म्हणजे थोरली असेल का? धाकट्या सुलसदत्तेला कोणी तेव्हा विचारलं तरी असेल का, की तुझ्या वाट्याला कुठला खांब हवा? कादंबरी तिथून सुरू करायला हरकत नाही. सकाळची वेळ, भरती चढतेय, पाथरवटांचा ठोका चालू आहे, आणि एक कारकून आपल्या चार मुलींना घेऊन डोंगर चढतोय.